ॲरन स्वार्ट्झ: हुतात्मा नको, कार्यकर्ता म्हणून बघू

लेखक: टिपकागद

ॲरन स्वार्ट्झचा विषय निघाला की गाडी दोनच स्टेशनांवर थांबते: एमआयटी विद्यापीठाच्या तळघरातला लॅपटॉप, ज्यावरून त्याच्यावर खटला भरला, आणि जानेवारी २०१३, जेव्हा तो गेला. हुशार पोरगा होता, सरकारने छळलं, गेला बिचारा. मग फोटोला हार घालून मंडळी पांगतात. मला या दोन स्टेशनांच्या मधलं आणि आधलं बोलायचं आहे, कारण माझ्या मते त्याचं खरं राजकारण तिथे आहे.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म ८ नोव्हेंबर १९८६, गाव शिकागोजवळचं हायलँड पार्क. कोणीही येऊन भर घालावी असा ज्ञानकोश त्याने शाळकरी वयात जालावर उभा केला आणि त्याला बक्षीस मिळालं. विकिपीडिया तेव्हा जन्मायचा होता. चौदाव्या वर्षी आरएसएस १.० (साइटवरचा नवा मजकूर वाचकाकडे आपोआप पोचवणारं तंत्र) ठरवणाऱ्या गटात. चर्चा सगळी ईमेलवर, त्यामुळे आपण शाळकरी पोराशी वाद घालतोय हे बऱ्याच जणांना उशिरा कळलं. पुढे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (आपलं लेखन-चित्रं इतरांना मोकळेपणाने वापरू देणारे परवाने) तांत्रिक बाजूला हातभार, जॉन ग्रुबरबरोबर मार्कडाउन ही जालावर मजकूर लिहायची सोपी पद्धत. २००५ साली स्टॅनफर्डचं एक वर्ष झाल्यावर ते सोडून नव्या कंपन्यांना पैसा आणि सल्ला देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरच्या पहिल्याच तुकडीत दाखल. त्याची कंपनी इन्फोगामी, ती काही महिन्यांत रेडिट या चर्चास्थळात विलीन झाली. ऑक्टोबर २००६ मध्ये रेडिट काँडे नास्ट या मासिकं काढणाऱ्या कंपनीने विकत घेतलं. ॲरन तेव्हा विसावं पूर्ण करत होता.

गोष्ट इथून पुढे बदलते. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच कंपनीच्या वायर्ड मासिकाच्या ऑफिसात बसायची पाळी आली आणि त्याचा जीव रमेना. जानेवारी २००७ मध्ये त्याला राजीनामा द्यायला सांगितलं. हातात पैसा, नाव, ओळखी. अशा वेळी लोक दुसरी कंपनी काढतात किंवा दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसे घालतात. याने इंटरनेट अर्काइव्हबरोबर ओपन लायब्ररीचं काम घेतलं. २००८ मध्ये राजकारण्यांची माहिती एका जागी आणणारी वॉचडॉग नावाची साइट काढली. २००९ मध्ये डाव्या झुकावाच्या उमेदवारांना मदत करणाऱ्या एका समितीच्या स्थापनेत भाग घेतला. २०१० मध्ये डेव्हिड सीगल यांच्याबरोबर डिमांड प्रोग्रेस ही संघटना.

आता मुद्द्याचा प्रसंग. सप्टेंबर २०१० मध्ये सिनेटर पॅट्रिक लेही यांनी कोइका नावाचं विधेयक आणलं. कॉपीराइट मोडणाऱ्या साइट्सविरुद्ध सरकारने न्यायालयातून आदेश आणायचा आणि इंटरनेट पुरवणाऱ्यांनी त्या साइटचा पत्ता लागणारच नाही अशी व्यवस्था करायची, असा मामला. ॲरनची पहिली प्रतिक्रिया अगदी थंड होती. कॉपीराइट? देशात आरोग्यविमा आणि बँकांचे प्रश्न असताना? मे २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या भाषणात त्याने हे स्वतःच सांगितलं आहे. मग त्याच्या लक्षात आलं की प्रश्न कॉपीराइटचा नसून बोलण्याचा आहे: कोणती साइट लोकांना दिसावी हे सरकारी वकील ठरवणार. त्याने मित्रांबरोबर याचिका टाकली. सह्यांचा आकडा ३ लाखांवर गेला.

याचिका टाकणारे पायलीला पन्नास. हा पोरगा पुढे वॉशिंग्टनला जाऊन लोकप्रतिनिधींच्या कर्मचाऱ्यांना भेटत बसला. आणि तरीही समितीत विधेयक १९ विरुद्ध ० मतांनी पास झालं! एकही विरोधी मत नाही. वाचलं ते ओरेगनचे सिनेटर रॉन वायडन यांच्यामुळे. त्यांनी 'होल्ड' टाकला. सिनेटमध्ये एकटा सदस्य विधेयक अडवून धरू शकतो. अधिवेशनाची मुदत संपली, विधेयक मेलं. नव्या सभागृहात २०११ मध्ये तेच नव्या नावांनी आलं, सिनेटमध्ये पिपा आणि खालच्या सभागृहात सोपा. पण तोवर वर्षभर मिळालं होतं. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया २४ तास काळा राहिला. त्या काळ्या पानावर पिनकोड टाकला की आपल्या प्रतिनिधीचा फोन नंबर दिसायचा, आणि ८० लाखांहून जास्त लोकांनी तो शोधला. दोन दिवसांनी सिनेटमधलं मतदान पुढे ढकललं गेलं ते कायमचंच.

हे काम चित्रपटात घ्यायला फारच कंटाळवाणं आहे. ईमेलचा विषय कसा लिहिला तर लोक उघडतात, कुठल्या मतदारसंघातून फोन कमी जातायत, कोणत्या सिनेटरचा कर्मचारी जरा ऐकून घेतो. उद्योजकाची सवय इथे कामाला आली: करून बघ, मोज, बदल, परत कर. त्याच्याकडून काही उचलायचं तर हे उचलावं असं मला वाटतं. ३५ वर्षांच्या शिक्षेची भीती आणि त्याचा शेवट यांतून उचलायचं तरी काय?

जेस्टोर (शोधनिबंधांचा जालावरचा संग्रह) प्रकरणावर, म्हणजे त्या तळघरातल्या लॅपटॉपवर, मुद्दाम लिहिलेलं नाही. प्रतिसादांत ते येणारच आहे.

प्रतिसाद

सहसंस्थापक? / चकणा_चंद्र

रेडिट सुरू केलं स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहॅनियन यांनी, जून २००५ मध्ये. ॲरन विलीनीकरणातून आला आणि सहसंस्थापकाची पाटी त्याला वाय कॉम्बिनेटरच्या पॉल ग्रॅहमच्या मध्यस्थीने मिळाली. तेव्हा 'टेक्नॉलॉजी उद्योजक' वगैरे जरा जपून. दीड वर्षसुद्धा कंपनी चालवली नाही त्याने.

त्यासाठीच / टिपकागद

'विलीन झाली' एवढंच लिहिलंय, सहसंस्थापक हा शब्द धाग्यात कुठेही नाही. पण उद्योजक म्हणायला माझी हरकत नाही. इन्फोगामी त्याची होती, वेब.पाय ही साइट बांधायची चौकट त्याने लिहिली आणि रेडिट त्यावर नव्याने बांधलं गेलं. कंपनी चालवायचा कंटाळा आला हाच तर विषय आहे.

वाखुसा / पिंपळपान

वाचनखूण साठवली आहे. सावकाश लिहिते.

मिठाचा सत्याग्रह आणि सायकलचं हेल्मेट / मिठागर

धागा आवडला. जेस्टोर टाळलंत ते मात्र पटलं नाही. कार्यकर्ता म्हणून बघायचं तर त्याच्या सगळ्यात वादग्रस्त कृतीकडेही कार्यकर्त्याची कृती म्हणूनच बघायला हवं.

आधी घटना. सप्टेंबर २०१० ते जानेवारी २०११. ॲरन तेव्हा हार्वर्डला फेलो होता, पण गेला एमआयटीच्या नेटवर्कवर. ते पाहुण्यांसाठीही खुलं असायचं. पाहुणा म्हणून खोटं नाव दिलं गॅरी होस्ट, म्हणजे जी-होस्ट, म्हणजे घोस्ट. स्क्रिप्ट लावून जेस्टोरचे लेख उतरवायला सुरुवात. जेस्टोरने अडवलं की संगणकाचा जालावरचा पत्ता बदलायचा. शेवटी सोळा क्रमांकाच्या इमारतीत तळघरातल्या वायरिंगच्या खोलीत लॅपटॉप थेट जोडून वर खोका झाकला. मोजदाद झाली तेव्हा सुमारे ४८ लाख लेख. तिथे छुपा कॅमेरा लावला होता. त्यात हा सायकलचं हेल्मेट तोंडासमोर धरून आत शिरताना दिसतो. ६ जानेवारी २०११ ला अटक.

माझं आजोळ शिरोड्याचं, तेव्हा मिठाच्या सत्याग्रहाच्या गोष्टी ऐकत वाढलो. मे १९३० मध्ये तिथल्या मिठागरावर लोक गेले ते दिवसाढवळ्या, आधी जाहीर करून. त्याच्या आधी २ मार्चला गांधींनी व्हाइसरॉय आयर्विनला पत्र लिहून कळवलं होतं की मी हा कायदा मोडणार आहे. तोंड झाकण्याचा प्रश्नच नव्हता, ओळखू येणं हाच तर त्या कृतीचा जीव होता. म्हणून आंतरजालावर ॲरनला 'डिजिटल सत्याग्रही' म्हणतात तेव्हा मला खटकतं. ही पदवी आपण त्याला मागाहून चिकटवली. त्याने स्वतः हे लेख कशासाठी उतरवले हे कधी जाहीर केलंच नाही.

पण तुलना अर्धीच आहे / खडूफळा

मिठागर, १९२२ च्या खटल्यात गांधींनी न्यायाधीश ब्रूमफील्डकडे जास्तीत जास्त शिक्षा मागितली. मिळाली किती? सहा वर्षं. सुटले दोन वर्षांत. ॲरनवर जुलै २०११ मध्ये चार आरोप लागले तेव्हा सरकारी पत्रकातच ३५ वर्षं आणि १० लाख डॉलर दंड असं छापलं होतं. सप्टेंबर २०१२ मध्ये आरोप वाढवून तेरा केले. वाचनालयातले लेख उतरवण्याबद्दल! दरोड्यालाही इतकं होत नाही. शिक्षा स्वीकारण्याची नैतिक ताकद तेव्हाच दिसते जेव्हा शिक्षा माणसाच्या आवाक्यातली असते.

आणि हेतूबद्दल. 'जाहीर केलं नाही' हे खरं. पण त्याने आधी काय केलं होतं ते बघा. स्टॅनफर्डच्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीबरोबर त्याने सुमारे ४ लाख ४१ हजार कायदेविषयक लेख उतरवून कंपन्यांच्या पैशावर कोणते प्राध्यापक लिहितात याचा माग काढला होता. तो अभ्यास स्टॅनफर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये छापून आला. ४८ लाख लेखांचंही तसंच काही करायचं असेल. सरकारी पक्षाने मात्र त्याचा २००८ चा जाहीरनामा पुढे केला. त्यात त्याने बंद दारांआडचं संशोधन उचलून जगाला वाटा असं आवाहन केलं होतं.

कायद्याचं थोडं / कलम_बहाद्दर

३५ वर्षं हा आकडा सगळे फेकतात. तो कमाल शिक्षांची बेरीज आहे, प्रत्यक्षात तेवढी होत नाही. तेराही आरोप कबूल केले तर सहा महिने, असा सरकारी वकिलांचा प्रस्ताव होता. खटला लढवून हरलास तर सात वर्षं मागू, असं सांगितलं गेल्याचं त्याच्या वकिलाने नंतर सांगितलं. खरा दबाव या सहा महिने आणि सात वर्षांच्या फरकात असतो. अमेरिकेत बहुतेक फौजदारी प्रकरणं अशीच कबुलीवर मिटतात. लढायचा हक्क आहे, पण वापरलात तर किंमत वाढते. ॲरनला तुरुंगाइतकाच 'फेलन', म्हणजे गंभीर गुन्ह्यातला दोषी, या शिक्क्याचा प्रश्न होता. राजकारणात काम करू पाहणाऱ्याला तो शिक्का जन्मभर पुरतो.

ज्या कायद्याखाली हे चाललं तो अमेरिकेचा संगणक-गुन्ह्यांचा कायदा १९८६ चा, म्हणजे ॲरनच्याच वयाचा. 'परवानगीशिवाय प्रवेश' म्हणजे काय याची धड व्याख्या त्यात नाही, त्यामुळे साइटच्या अटी मोडणं आणि बँकेची यंत्रणा फोडणं एकाच कलमात बसवता येतं. त्याच्या मृत्यूनंतर खासदार झो लॉफग्रेन यांनी हा कायदा बदलायला 'ॲरन्स लॉ' नावाचं विधेयक आणलं, ते पास झालं नाही. थोडा दिलासा मिळाला तो २०२१ मध्ये. पैसे घेऊन गाडीचा नंबर शोधून देणाऱ्या जॉर्जियातल्या एका पोलिसाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी या कायद्याचा अर्थ आकुंचित केला. लाच खाणाऱ्या पोलिसाला मिळालं ते ॲरनच्या नावाच्या विधेयकाला मिळालं नाही. असो.

आपल्याकडे काय झालं असतं? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय डेटा उतरवून घेणं येतं. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड. म्हणजे आपण फार उदार आहोत असं नाही. पण शिक्षणाच्या बाबतीत आपला कॉपीराइट कायदा जास्त समजूतदार आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दावा लावला, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. अभ्यासक्रमासाठी पानं काढून देणं हा उल्लंघनाचा प्रकार नाही, असं कलम ५२ च्या आधारे ठरलं.

दुसरी बाजू कोणी मांडणार की नाही? / जुना_ग्रंथपाल

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. वरच्या प्रतिसादांत जेस्टोर म्हणजे जणू सावकारी पेढी. ती ना-नफा संस्था आहे. जुन्या नियतकालिकांचे वर्षानुवर्षांचे अंक स्कॅन करून ठेवणं हे त्यांचं काम. ॲरनच्या स्क्रिप्टने त्यांचे सर्व्हर इतके दमवले की ऑक्टोबर २०१० मध्ये जेस्टोरने संपूर्ण एमआयटीचाच प्रवेश काही दिवस बंद केला. तिथल्या संशोधकांचा काय दोष होता? 'ज्ञान सर्वांसाठी' म्हणणाऱ्याच्या हातून आधी वाचकांचंच दार बंद झालं, हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिलं.

तरी जेस्टोरची वागणूक सरकारपेक्षा सभ्य होती. ॲरनने सगळ्या प्रती परत केल्या, त्यांनी समझोता केला आणि आम्हाला खटला नको असं कळवलं. खटला चालवायचा आग्रह होता तो मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी वकील कार्मेन ऑर्टिझ आणि त्यांचे सहकारी स्टीफन हेमन यांचा. संगणकाने चोरा नाहीतर पहारीने, चोरी ती चोरीच, अशा अर्थाचं ऑर्टिझबाईंचं वाक्य तेव्हा गाजलं होतं. एमआयटीने आपण तटस्थ आहोत म्हणून हात झटकले. त्यांच्याच समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. तो कोणी वाचला तर कळेल की तटस्थ राहणं म्हणजे बलवानाच्या बाजूला उभं राहणं कसं होतं.

पॉपकॉर्न / चिंचबोर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचं काश्मीर होऊ देऊ नका, प्लीज.

श्रीमंतांचे चोचले / सातपस्तीसची_लोकल

सगळं ठीक. पण सोपा हाणून पाडला तो गूगल आणि फेसबुकसारख्या कंपन्यांनी. एका बाजूला हॉलिवूड, दुसऱ्या बाजूला सिलिकॉन व्हॅली, दोन धनदांडग्यांची मारामारी. याचिका वगैरे वरची सजावट. आणि कंपनी विकून पैसे हातात असले की विशीत आंदोलन परवडतं. आमच्याकडे पोरगं आंदोलनात गेलं तर घरचा हप्ता कोण भरणार?

क्रम बघा / टिपकागद

लोकल, हप्त्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्याला मोकळा वेळ विकत घेता आला, तो सगळ्यांना घेता येत नाही. पण गूगलवाला मुद्दा तारखांना धरून नाही. कोइकावर सह्या गोळा झाल्या सप्टेंबर-ऑक्टोबर २०१० मध्ये. मोठ्या कंपन्या उघडपणे मैदानात आल्या त्या २०११ च्या शेवटी, सोपाच्या वेळी. मधल्या काळात विधेयक समितीत १९-० पास झालेलं असताना ज्यांनी धरून ठेवलं ते मूठभर लोक होते. वारा फिरल्यावर शिडं उभारणाऱ्या कंपन्यांना श्रेय द्यायचं तर द्या, पण नांगर त्यांनी टाकला नव्हता.

आपल्याकडे हे चालणार नाही, आणि त्याचं कारण / ओसरी

धागाकर्त्याचा मूळ मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो इथे लावून बघते.

ॲरनची पद्धत चालली कारण अमेरिकेतल्या सिनेटरला स्वतःचं मत असतं, निदान द्यायचं तरी असतं. मतदारसंघातून हजार फोन आले की तो बिचकतो, कारण पक्ष त्याला वाचवायला येत नाही. आपल्या खासदाराला हजार जणांनी फोन केला तर? १९८५ पासून दहावी अनुसूची आहे. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जातं. म्हणजे माझ्या खासदाराला माझं पटलं तरी तो काही करू शकत नाही. फोन करायचा तर पक्षश्रेष्ठींना, आणि त्यांचा नंबर पिनकोड टाकून मिळत नाही.

म्हणून बघा, आपल्याकडे जालावरून उभी राहिलेली खरी यशस्वी मोहीम संसदेत झाली नाही, ती नियामकाकडे झाली. मार्च २०१५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने इंटरनेट सेवांबद्दल चर्चापत्र काढलं. शंभरहून अधिक पानी, सामान्य माणसाने उघडलंही नसतं. काही पत्रकार, वकील, प्रोग्रॅमर, स्टार्टअपवाले अशा मंडळींनी 'सेव्ह द इंटरनेट' साइट बनवली आणि उत्तरांचा तयार मसुदा लोकांपुढे ठेवला. दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. त्यात मीडियानामाचे निखिल पाहवा आघाडीवर होते, म्हणजे स्वतःची छोटी कंपनी चालवणारा माणूसच. ट्रायला कायद्याने लोकांची मतं मागवावी लागतात, उत्तरं वाचावी लागतात आणि निर्णयाची कारणं द्यावी लागतात. व्हीप नाही. ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभाव करणाऱ्या दरांवर बंदी आली, फेसबुकला फ्री बेसिक्स (निवडक साइट तेवढ्या फुकट दाखवायची योजना) गुंडाळावं लागलं.

पण त्याच गोष्टीचा दुसरा अंकही सांगते. फेसबुकनेही तेच हत्यार उचललं. लोकांच्या स्क्रीनवर फ्री बेसिक्सला पाठिंबा द्या असं बटण आलं, अनेकांनी न वाचता दाबलं. साच्यातले ईमेल ट्रायकडे जाऊन पडले. ट्रायने पत्र लिहून खडसावलं की आम्ही प्रश्न विचारले होते, जनमत मोजायला बसलो नव्हतो. याचिकेचं बटण बनवणं सोपं झालं की ते ज्याच्याकडे जास्त स्क्रीन आहेत त्याच्या कामाचं ठरतं. ॲरनच्या पद्धतीची ही मर्यादा धाग्यात यायला हवी होती.

+१ / पिंपळपान

ओसरीताई, व्हीपचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. २०११ साली रामलीला मैदानाच्या वेळी मिस्ड कॉल द्या म्हणाले, दिला. तो कुणाला पोचला आणि त्याचं काय झालं, देव जाणे.

निलेकणी विसरलात / चकणा_चंद्र

आपल्याकडच्या टेक्नॉलॉजी उद्योजकाने २०१४ ला दक्षिण बंगळुरूतून लोकसभा लढवली आणि सव्वादोन लाखांवर मतांनी आपटला. पैसा, नाव, आधार, सगळं होतं.

तो वेगळा धागा / ओसरी

ती निवडणूक. इथे विषय सत्तेत न जाता दबाव टाकण्याचा चाललाय. हवं तर निलेकणींवर नवा धागा काढा, येते भांडायला.

पेसर आणि थॉटवर्क्स / शून्य_एक

दोन गोष्टी राहिल्यात. माझ्या मते त्या जेस्टोरपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

पहिली, पेसर. अमेरिकेतल्या केंद्रीय न्यायालयांची कागदपत्रं ज्या यंत्रणेवर मिळतात ती. कागद जनतेचे, त्यांवर कॉपीराइटही नाही, तरी तेव्हा पानाला ८ सेंट घ्यायचे. आता १० सेंट. २००८ मध्ये सतरा ग्रंथालयांत मोफत प्रवेशाचा प्रयोग सुरू झाला. सरकारी कागद लोकांना खुले करणाऱ्या पब्लिक रिसोर्स संस्थेचे कार्ल मालामुद यांनी आवाहन केलं आणि ॲरनने सॅक्रामेंटोच्या एका ग्रंथालयाची ओळख वापरून सुमारे २७ लाख कागदपत्रं उतरवली. प्रयोग तडकाफडकी बंद. एफबीआयने चौकशी केली, गुन्हा सापडला नाही, २००९ मध्ये फाइल बंद. मग या पठ्ठ्याने माहिती अधिकारात स्वतःचीच एफबीआय फाइल मागवली आणि ब्लॉगवर टाकली!

मालामुद यांनी ती कागदपत्रं तपासली तेव्हा कित्येक कागदांत लोकांचे सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या आधार नंबरसारखे) उघडे सापडले. त्यांनी न्यायालयांना पत्रं लिहून ते झाकायला लावलं. एकेक कागद पैसे मोजून वाचणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. सगळा विदा (डेटा) एकत्र हातात आला म्हणून दिसलं. (हेच मालामुद पुढे भारतीय मानक संस्थेची मानकं जालावर मोफत टाकण्यासाठी भांडले. इमारत कशी बांधावी, हेल्मेट कसं असावं हे नियम लोकांनी विकत का घ्यायचे, हा त्यांचा सवाल. गांधींचं नाव त्यांच्या तोंडी कायम असतं.)

दुसरी गोष्ट पुणेकरांसाठी. २०१२ मध्ये ॲरन थॉटवर्क्समध्ये काम करत होता, न्यू यॉर्कला. आपल्या येरवड्यातही त्यांचं ऑफिस आहे. तिथे त्याने व्हिक्टरी किट नावाची मुक्त स्रोत प्रणाली बनवायला घेतली होती. कुठल्याही छोट्या गटाला मोठ्या संघटनांसारखी मोहीम चालवता यावी, कोणत्या शब्दांना लोक प्रतिसाद देतात हे यंत्राने आपोआप तपासावं, असा बेत. टिपकागद म्हणतात ती 'करून बघ, मोज, बदल'वाली सवय इथे अक्षरशः कोडमध्ये उतरवली होती. त्याच काळात केव्हिन पोल्सन या पत्रकाराबरोबर पत्रकारांकडे निनावी कागद पोचवायची यंत्रणा लिहिली. ती मे २०१३ मध्ये न्यू यॉर्करने सुरू केली, आज सिक्युअरड्रॉप या नावाने अनेक वृत्तसंस्था वापरतात. खटला डोक्यावर असताना हे चालू होतं.

एक विनंती / सायली_सावली

वर कुठेतरी 'सरकारने मारलं' अशा धर्तीचं वळण येऊ लागलंय, म्हणून लिहिते. त्याने २००७ मध्ये ब्लॉगवर आपल्या नैराश्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं होतं. ११ जानेवारी २०१३ ला तो गेला, वय २६, खटला एप्रिलमध्ये उभा राहणार होता. खटल्याचा ताण प्रचंड होता हे उघड आहे आणि घरच्यांनी सरकारी वकिलांना आणि एमआयटीला जबाबदार धरलं ते त्यांच्या दुःखातून समजू शकतं. पण आपण इथे बसून एकच कारण ठरवून टाकू नये. मी या क्षेत्रात काम करते. अशा धाग्यांवर वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतः त्या अवस्थेत असतं. अशांपैकी कुणी हे वाचत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आभार, आणि माझी भर / टिपकागद

सायली, बरं झालं लिहिलंत. नंबर धाग्याच्या वरही टाकायला संपादकांना सांगतो.

मिठागर यांचा आक्षेप मला योग्य वाटतो आणि तो माझ्याच बाजूचा आहे. तळघरातली कृती एकट्याची होती. कुणाला सांगितलं नाही, कुणाला सोबत घेतलं नाही, म्हणून अडकल्यावर पाठीशी चळवळ नव्हती, फक्त मित्र होते. कोइकाच्या वेळी नेमकं उलट: त्याने स्वतःचं नाव मागे ठेवून लाखो लोकांना पुढे केलं. एकाच माणसाने, त्याच सप्टेंबरमध्ये, दोन्ही केलं. दिवसा सह्या गोळा करत होता आणि तिकडे स्क्रिप्ट चालू होती. मला यातला पहिला ॲरन जास्त धोकादायक वाटतो, म्हणजे सत्तेच्या दृष्टीने. सरकारने मात्र दुसऱ्याला पकडलं, कारण त्यालाच पकडता येतं.

ग्रंथपालकाका, एमआयटीचा जेस्टोर-प्रवेश बंद पडल्याचा मुद्दा नोंदवून ठेवतो. ओसरी, बटणाच्या मर्यादेवर स्वतंत्र लेख लिहा ना.

एक भाबडा प्रश्न / चिंचबोर

पॉपकॉर्न संपले. मी तालुक्याच्या गावी शिकवतो, खासगी विनाअनुदानित कॉलेज. मला एखादा जुना शोधनिबंध वाचायचा असेल तर आज रीतसर मार्ग काय? 'एक देश, एक सबस्क्रिप्शन' आलंय म्हणतात ते आम्हाला लागू आहे का?

उत्तर / जुना_ग्रंथपाल

त्या योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं. पण पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारांच्या शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांपुरता आहे. तुमचं कॉलेज त्यात बसत नाही. पैसा जनतेचा आणि वाचायचा हक्क नोकरी कुठे आहे त्यावर, ही तक्रार रास्तच आहे.

तुम्ही असं करा. जेस्टोरवर वैयक्तिक खातं काढा, फुकट आहे. महिन्याला १०० लेख पडद्यावर वाचता येतात, उतरवून मात्र घेता येत नाहीत. अमेरिकेत १९२३ पूर्वी आणि इतरत्र १८७० पूर्वी छापलेले लेख त्यांनी सप्टेंबर २०११ मध्येच सर्वांना खुले केले, त्यांना खातंही लागत नाही. (ॲरनवर आरोपपत्र जुलैत आलं होतं. आमचं आधीच ठरलं होतं, असं जेस्टोर म्हणतं.) मराठीतलं हवं असेल तर विश्वकोश जालावर आहे, आणि बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर पीडीएफमध्ये मिळतात. तरीही एखादा लेख अडला तर लेखकाला थेट ईमेल करा. आपला निबंध कुणीतरी वाचतोय याचाच त्यांना आनंद होतो, बहुतेक जण त्याच दिवशी पाठवतात.

कोणता निबंध हवाय?

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय / चिंचबोर

काका, व्यनि बघा. रयतवारीवरचा आहे, १९६० च्या आसपासचा.